हिपॅटायटिसजन्य मूत्रपिंडविकार

हिपॅटायटिस बी आणि सी हे यकृताचे आजार म्हणून ओळखले जात असले तरी त्यांच्यामुळे मूत्रपिंडालाही इजा होते. विषाणूचे प्रतिजन (शरीर परके म्हणून ओळखते ते त्याचे भाग) आणि त्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे एकत्र येऊन मूत्रपिंडातल्या ग्लोमेरुलसमध्ये, म्हणजे रक्त गाळणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांच्या जाळ्यात, साचतात आणि तिथे दाह सुरू होतो. पेशंटला कावीळ झालेली नसतानाही हे घडू शकते.

हिपॅटायटिस बीमध्ये मुख्यतः मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी, म्हणजे ग्लोमेरुलसचा गाळणारा पडदा जाड होण्याचा विकार, आढळते. लहान मुलांमध्ये ती बऱ्याचदा आपोआप बरी होते, मोठ्यांमध्ये मात्र क्वचितच. हिपॅटायटिस सीमध्ये क्रायोग्लोब्युलिन, म्हणजे थंडीत साकळणारी प्रथिने, तयार होतात. पायांवर जांभळट पुरळ, सांधेदुखी, फेसाळ लघवी आणि वाढलेला रक्तदाब एकत्र दिसले तर त्यांचा संशय घ्यावा. हिपॅटायटिस ए मूत्रपिंड अचानक निकामी करू शकतो, पण ते विरळाच.

निदानात केवळ क्रिएटिनिनवर, म्हणजे स्नायूंतून येणाऱ्या आणि मूत्रपिंड बाहेर टाकते त्या टाकाऊ पदार्थाच्या रक्तातल्या पातळीवर, विसंबणे धोक्याचे आहे. यकृत खंगलेल्या माणसाचे स्नायूही झडलेले असतात, त्यामुळे मूत्रपिंड बिघडूनही क्रिएटिनिन नॉर्मल दिसते. म्हणून लघवीची तपासणी हवीच: तांबड्या पेशी, तसेच अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन) आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर. ते 30 मिलिग्रॅम प्रतिग्रॅमच्या वर असेल तर पुन्हा तपासावे. उलट बाजूने, लघवीतून प्रथिने जाण्याचे कारण सापडत नसेल तर एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीची रक्तचाचणी) आणि अँटी-एचसीव्ही (हिपॅटायटिस सीविरुद्धच्या प्रतिपिंडांची चाचणी) करावे. अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह आल्यास संसर्ग अजून चालू आहे की नाही हे विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या आरएनए चाचणीतूनच कळते.

क्रायोग्लोब्युलिनची चाचणी फसते ती बहुधा नमुना हाताळताना. रक्त कोमट सिरिंजमध्ये घेऊन गुठळी होईपर्यंत 37 अंश सेल्सिअसलाच ठेवावे लागते. ते वाटेत गार झाले तर प्रथिने गुठळीबरोबर खाली बसतात आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. वेगळे केलेले सीरम मग 4 अंशांवर सुमारे आठवडाभर ठेवून पाहतात. सी4 (रक्तातले प्रतिकारशक्तीचे एक प्रथिन) कमी आणि र्‍हुमॅटॉइड फॅक्टर (एक प्रकारचे प्रतिपिंड) पॉझिटिव्ह असेल तर निगेटिव्ह रिपोर्टवर विश्वास ठेवू नये, नमुना पुन्हा घ्यावा.

खात्रीचे निदान बायोप्सीने होते. त्याआधी प्लेटलेट आणि आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचे माप) पाहावेच लागतात, कारण सिरोसिसमध्ये, म्हणजे यकृतावर व्रण पडून ते कडक झालेले असताना, रक्तस्रावाचा धोका जास्त असतो.

हिपॅटायटिस बी असताना विषाणूविरोधी औषध न देता स्टेरॉइड किंवा रिटुक्सिमॅब ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सुरू केल्यास विषाणू उसळून यकृत निकामी होऊ शकते. टेनोफोव्हिर डायसोप्रॉक्सिल हे विषाणूविरोधी औषध चालू असेल तर तेही मूत्रपिंडाला बाधू शकते: रक्तातली साखर नॉर्मल असून लघवीत साखर आणि रक्तात फॉस्फेट कमी, ही त्याची खूण.