छापलेली असाइनमेंट, १४ शब्द आणि टक्केवारीचा घोळ : थोडी पार्श्वभूमी

बाहेर मास्टर्स करायला गेलेल्या पोरांच्या ग्रुपवर सेमिस्टर संपत आलं की एक तरी मेसेज येतोच, असाइनमेंट फ्लॅग झालीये, म्हणजे सॉफ्टवेअरने ती उचललेली किंवा मशीनने लिहिलेली असल्याचा संशय दाखवलाय, कमिटीपुढे बोलावलंय, काय सांगू. विषय बहुतेक वेळा ठरलेले, शिक्षणात तंत्रज्ञानाचा वापर नाहीतर आंतरसांस्कृतिक संवाद, दोन-अडीच हजार शब्द, हार्वर्ड रेफरन्सिंग. मग खाली सल्ल्यांचा पाऊस, आणि त्यात एक वाक्य हमखास असतं की तिकडे नियम कडक, आपल्याकडे कॉपी चालते, आपलं कल्चरच तसं. हे वाक्य अर्धंच खरं आहे आणि उरलेलं अर्धं चांगलंच गुंतागुंतीचं आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

फार मागे जात नाही. १८५७ ला मुंबईचं विद्यापीठ निघालं ते त्या वेळच्या लंडनच्या धर्तीवर, म्हणजे शिकवायचं कॉलेजांनी आणि परीक्षा घेऊन डिग्री द्यायची विद्यापीठाने. वर्षभर तुम्ही काय लिहून दिलं याला मार्कांच्या हिशोबात जागाच नव्हती, जे काय ते शेवटच्या परीक्षेत. साधारण त्याच सुमाराला, म्हणजे १८७० नंतर, अमेरिकेत हार्वर्डला पहिल्या वर्षाच्या पोरांकडून निबंध लिहून घ्यायची पद्धत रुजत होती, कारण चांगल्या घरातली मुलंसुद्धा प्रवेश परीक्षेत धड लिहू शकत नाहीत असं प्राध्यापकांच्या लक्षात आलं होतं. तिथून 'लिहून दाखव म्हणजे तुला समजलं' ही कल्पना पसरली. हार्वर्ड रेफरन्सिंगचं मूळ मात्र भलत्याच ठिकाणी आहे. कंसात लेखक आणि साल टाकायची पद्धत तिथल्या एका प्राणीशास्त्रज्ञाने १८८१ मध्ये वापरली ती बागेत सापडणाऱ्या बिनशंखाच्या गोगलगायीवरच्या निबंधात. आज नांदेडचा पोरगा लीड्समध्ये बसून त्या कंसातला स्वल्पविराम चुकला म्हणून दोन मार्क घालवतो, त्याची सुरुवात एका गोगलगायीपासून.

आता मला जो काळ नीट माहितीये तो, नव्वदीतलं इंजिनिअरिंग. टर्म वर्क नावाचा प्रकार होता, त्याचे मार्क होते, आणि त्यासाठी फाइल नाहीतर जर्नल पूर्ण करून सरांची सही घ्यायची. यालाच सबमिशन म्हणायचे आणि अजूनही म्हणतात. एक हुशार किंवा निदान वेळेवर उठणारा मुलगा लिहायचा आणि बाकी सगळे छापायचे. 'छापली का' हा इतका साधा प्रश्न होता की त्यात कुणालाच काही वावगं वाटायचं नाही. ड्रॉइंगच्या शीटसाठी तर जीटी, ग्लास ट्रेसिंग. दोन खाटांच्या मध्ये खिडकीची काच आडवी टाकायची, खाली टेबल लॅम्प, काचेवर मित्राची शीट, तिच्यावर आपली कोरी, आणि पेन्सिल फिरवत सुटायचं. रात्री दोन-तीनपर्यंत हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर हा उद्योग. सरांनाही माहीत असायचं, काही सर तर शीट उलटी करून पेन्सिलचा दाब बघून ओळखायचे आणि तरी सही करायचे.

मजा म्हणजे त्याच पोरांना कॉपी म्हणजे काय हे पक्कं ठाऊक होतं. कॉपी म्हणजे परीक्षेत चिठ्ठी. त्यावर महाराष्ट्रात १९८२ पासून स्वतंत्र कायदा आहे, विद्यापीठाच्या आणि बोर्डाच्या परीक्षांतले गैरप्रकार रोखणारा, म्हणजे तो गुन्हाच. पण कायदा परीक्षेचा होता, सबमिशनचा नाही. म्हणजे एकाच मुलाने सकाळी जर्नल छापलं तर ती मैत्री आणि दुपारी पेपरात चिठ्ठी काढली तर पोलीस. ही फट आपल्याकडे आधीपासून आहे, पुढच्या सगळ्या घोळाला हीच कारणीभूत आहे असं माझं मत.

मुक्त विद्यापीठं आली, १९८५ ला दिल्लीत, १९८९ ला नाशिकला, आणि घरी लिहून पाठवायच्या असाइनमेंटला पहिल्यांदा खरं वजन आलं, दिल्लीवाल्यांकडे बहुतेक कोर्सना ३० टक्के. मराठीत त्याला शब्द वापरला जातो स्वाध्याय, शाळेच्या पुस्तकातही धड्याखाली तोच असतो. शब्द मोठा गमतीचा आहे. उपनिषदात 'स्वाध्यायान्मा प्रमदः' असं सांगितलंय तिथे स्वाध्याय म्हणजे आपल्या वाट्याच्या वेदाचं पाठांतर, एक मात्रासुद्धा इकडची तिकडे न करता. म्हणजे जिथे स्वतःच्या शब्दांत लिहा म्हणतो त्या कामाला आपण नाव दिलंय ते दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवण्याचं. पोरं जर्नल छापतात ते मूळ अर्थाने स्वाध्यायच म्हणायचं! असो. लवकरच झेरॉक्सच्या दुकानात सॉल्व्हड असाइनमेंटचे गठ्ठे मिळायला लागले, आता ते पीडीएफ झालेत. मुंबईने २०११-१२ पासून क्रेडिट पद्धत आणून ६० मार्क परीक्षेला आणि ४० अंतर्गत कामाला असं केलं तेव्हा अंतर्गत मार्क खिरापतीसारखे वाटले जातात अशी ओरड झाली आणि काही वर्षांत ते प्रमाणही बदललं.

आता मुख्य मुद्दा, २०१८ चा नियम. त्या वर्षी जुलैमध्ये केंद्राच्या विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) वाङ्मयचौर्य रोखायचे नियम काढले. त्यातल्या पायऱ्या सगळ्यांना पाठ आहेत, दुसऱ्यांच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर काही नाही, १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून द्या, ४० ते ६० ला एक वर्ष सबमिट करायला बंदी, ६० च्या वर नोंदणीच रद्द. पण व्याख्यांच्या कलमात एक ओळ आहे जी फारसं कुणी वाचत नाही. हे नियम प्रबंध, डिझर्टेशन, रिसर्च पेपर, पुस्तकं यांना लागू, मात्र असाइनमेंट, टर्म पेपर, प्रोजेक्ट रिपोर्ट, कोर्सवर्क, निबंध आणि उत्तरपत्रिका यातून वगळल्यात. स्पष्ट शब्दांत वगळल्यात, राहून गेल्या असं नाही.

का वगळलं याची कारणं समजण्यासारखी आहेत. लाखो मुलं, प्रत्येकाच्या पाच-सहा विषयांच्या फाइली, एवढं सॉफ्टवेअरमधून कोण काढणार आणि त्याचे पैसे कोण भरणार, शिवाय निम्म्या फाइली हाताने लिहिलेल्या. आणि शिकणाऱ्या मुलाला चोर ठरवू नये हाही एक मुद्दा आहेच, तो मला मान्य आहे. उलट बाजूचे म्हणतात की माणूस सतरा-अठराव्या वर्षापासून छापायला शिकतो आणि पीएचडीला आल्यावर त्याला अचानक सांगता की आजपासून हा गुन्हा, मग ६० टक्के निघाल्यावर बोंब कशाला. त्याच नियमांत असंही लिहिलंय की शैक्षणिक प्रामाणिकपणाची तत्त्वं पदवीपासूनच्या अभ्यासक्रमात सक्तीने शिकवा. म्हणजे शिकवायचं पदवीला, लागू करायचं संशोधनाला, आणि मधली सगळी वर्षं ज्यावर सराव करायचा ती असाइनमेंट मोकळी. पोहायला शिकवा पण विहिरीवर नेऊ नका. पीएचडीवाल्यांसाठी २०१९ च्या शेवटी संशोधन नीतीचा दोन क्रेडिटचा कोर्स सक्तीचा झाला, त्याच वर्षी शोधशुद्धी योजनेतून विद्यापीठांना साम्य शोधणारं सॉफ्टवेअर मिळालं, पण बीए-बीकॉमच्या पोरापर्यंत यातलं काय पोचलं ते कुठल्याही स्टाफरूममध्ये जाऊन विचारा.

यातून झालं भलतंच. नियम असाइनमेंटला नाहीच, तरी कॉलेजं आपल्याच मनाने १० टक्क्यांची अट लावायला लागली, मी स्वतः दोन ठिकाणच्या नोटिसा पाहिल्यात ज्यात एमबीएच्या साध्या असाइनमेंटला 'सिमिलॅरिटी १० च्या आत' लिहिलं होतं आणि खाली आयोगाच्या नियमांचा हवाला, ज्या नियमांनी ती असाइनमेंट बाहेर ठेवलीये त्यांचाच! आणि १० टक्के म्हणजे चोरी किती याचं माप नाहीच, ते फक्त शब्द जुळले किती याचं माप आहे. उद्धरणचिन्हात नाव देऊन लिहिलेलं आणि संदर्भसूची वगळायची असते, ते बटण दाबायला रिपोर्ट काढणारा विसरला की आकडा फुगतो.

त्यातच १४ शब्दांची भानगड. नियम म्हणतो सर्वसाधारण माहिती किंवा योगायोगाने जुळलेले सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडे धरू नयेत. इंग्रजीत हे एका मध्यम वाक्याएवढं होतं. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, 'विद्यार्थ्यांसाठीच्या' हा आपला एक शब्द, इंग्रजीला तिथे तीन-चार लागतात, त्यामुळे मराठीत १४ शब्दांत बऱ्यापैकी भरगच्च वाक्य मावतं. म्हणजे तोच नियम मराठीत आपोआप सैल. त्यापुढे फॉन्ट. अनेक मराठी प्रबंध वर्षानुवर्षं युनिकोडमध्ये नव्हतेच, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात टाइप केलेले, ते सॉफ्टवेअरला इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो आणि साम्य निघतं जवळपास शून्य. अख्खा इंग्रजी लेख मराठीत उतरवला तर साधी तपासणी तेही पकडत नाही. शब्द जुळवणाऱ्या यंत्राकडून भाषा ओलांडून झालेली उचल पकडायची अपेक्षा ठेवायची आणि वर टक्केवारीला दशांश चिन्ह लावायचं.

आता ते 'आपलं कल्चरच तसं'. याचा उगम तपासला तर तो आपल्याकडे नाहीये. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एका भाषातज्ज्ञाने परदेशी विद्यार्थ्यांचे सुमारे ६०० निबंध पाहून एक लेख लिहिला, त्यात प्रत्येक संस्कृतीच्या लेखनाची रेघ काढून दाखवली, इंग्रजीची सरळ बाण, पौर्वात्य म्हणून जी दिली ती गोल गोल आत जाणारी. त्याने पौर्वात्य म्हणताना चिनी आणि कोरियन धरले होते, भारत त्यात नव्हताच, पण पुढे ती गोल रेघ सगळ्या आशियाच्या कपाळी लागली. पुढे त्याने स्वतःच आपण जरा जोर लावूनच मांडलं अशी कबुली दिली, तरी ती चित्रं क्लासरूममधून गेली नाहीत. नंतर आली एका डच संशोधकाची मापं, आयबीएमच्या कर्मचाऱ्यांचे १९६७ ते १९७३ मधले फॉर्म, त्यातून देशोदेशीचे आकडे, भारताचं सत्ता-अंतर (वरच्या-खालच्यातली दरी लोक किती मानतात त्याचं माप) ७७, व्यक्तिवाद ४८. आज आंतरसांस्कृतिक संवादावरची असाइनमेंट म्हटली की हे ७७ त्यात असणारच. एका कंपनीच्या पन्नास वर्षांपूर्वीच्या नोकरदारांवरून अख्खा देश. आणि यावर लिहिणारी मुलंही तो परिच्छेद एकमेकांचा छापतात.

नव्वदच्या दशकात यातूनच युक्तिवाद निघाला की पूर्वेकडे पाठांतराची परंपरा आहे, मोठ्यांचे शब्द तसेच घेणं हा आदर असतो, म्हणून या मुलांना समजून घ्या. हेतू चांगला होता, पण आपल्यापुरतं हे पटत नाही. आपल्याकडे अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे', 'नामा म्हणे' असतं, लेखकाचं नाव ओळीतच विणलेलं, गाताना गाळायची सोयच नाही. १५८४ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि शेवटी बजावलं की यात कुणी स्वतःची ओवी घुसडली तर ती अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवल्यासारखी. आणि दहाव्या शतकाच्या आसपास राजशेखराने काव्यमीमांसेत दुसऱ्याचे शब्द उचलणं, अर्थ उचलणं याचे प्रकार पाडून ठेवलेत, वर शेराही मारलाय की चोर नसलेला कवी नाही आणि चोर नसलेला वाणी नाही. म्हणजे आम्हाला कळत नव्हतं असं कुणी म्हणू नये. जर्नल छापणं ही संस्कृती नाही, ती टर्म वर्कची व्यवस्था आहे. ज्या कामाचं पुढे काहीच होत नाही, जे कुणी वाचत नाही, ते माणूस छापतोच, मग तो साताऱ्याचा असो की सिडनीचा. सिडनीवरून आठवलं, २०१४ ला तिकडे पैसे घेऊन निबंध लिहून देणारी एक वेबसाइट उघडकीला आली होती, ऑस्ट्रेलियाने २०२० मध्ये अशा धंद्यावर कायदा केला, इंग्लंडने २०२२ मध्ये. गिऱ्हाईक तिकडचं, लिहिणारे हात मात्र बऱ्याचदा केनियातले नाहीतर आपल्याकडचे.

नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं आणि हे सगळं एका झटक्यात जुनं झालं. एप्रिल २०२३ मध्ये टर्निटिनने, म्हणजे असाइनमेंटमधलं साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कंपनीने, एआय ओळखायची सोय चालू केली. चॅटजीपीटीच्या कंपनीने स्वतःचाही डिटेक्टर काढला होता, तो एआयने लिहिलेल्या मजकुरातला २६ टक्केच पकडायचा आणि माणसाने लिहिलेल्यातल्या ९ टक्क्यांवर खोटा आळ घ्यायचा, जुलैमध्ये त्यांनी तो गुपचूप बंद केला. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या लोकांनी सात डिटेक्टर घेऊन टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे ९१ निबंध तपासले, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी लिहिलेले, तर सरासरी ६१ टक्के निबंध एआयचे म्हणून दाखवले गेले. अमेरिकन आठवीच्या मुलांचे मात्र जवळपास सगळे बरोबर ओळखले. कारण साधंय, परकी भाषा लिहिणारा माणूस नेहमीचे, सुरक्षित शब्द वापरतो, मोजक्याच रचना वापरतो, आणि डिटेक्टरला नेमकं तेच यंत्रासारखं वाटतं. यातला कहर पुढे आहे. तेच निबंध चॅटजीपीटीला देऊन शब्द जरा भारी करून घेतले तर खोटा आळ एकदम कमी झाला. म्हणजे स्वतः लिहिलं तर चोर, मशीनकडून सजवून घेतलं तर साव.

ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने हिशोब मांडला, आमच्याकडे वर्षाला ७५,००० पेपर तपासले जातात, कंपनी म्हणते चूक फक्त १ टक्का, म्हणजे ७५० पेपरांवर खोटा आरोप, आणि टर्निटिनची ती एआय ओळखायची सोय बंद करून टाकली. बाकी बऱ्याच ठिकाणी ती चालूच आहे, आणि ग्रुपवर मेसेज येतात ते तिथून. गूगल डॉक्सची व्हर्जन हिस्टरी, कच्चे ड्राफ्ट, नोट्सचे फोटो असं घेऊन गेलं तर कमिटी ऐकून घेते असा आत्तापर्यंतचा अनुभव. 'आमचं कल्चर' सांगायला गेलेल्यांचं काय झालं तेही त्याच ग्रुपवर आहे. आणि इकडे काही कॉलेजांनी उपाय म्हणून असाइनमेंट परत हाताने लिहून मागायला सुरुवात केलीये, मोबाइल उशीला टेकवून, स्क्रीनवरचं उत्तर बघत, निळ्या पेनाने, समास सोडून.