संत्र्याच्या पेटीवरचं चित्र नेमकं कोणासाठी?

कॅलिफोर्नियातल्या जुन्या संत्रापेट्यांवरच्या रंगीत लेबलांनी अमेरिकी गृहिणींना भुरळ घातली, असं सर्रास लिहिलं जातं. त्यातला 'गृहिणी' हा शब्द जरा तपासून घ्यायला हवा. १८७७ साली लॉस एंजेलिसची संत्री रेल्वेने सेंट लुइसला गेली आणि पुढच्या दशकात लाकडी पेटीच्या टोकाच्या फळीवर शिळाछापाची (लिथोग्राफीची) चित्रं डकवली जाऊ लागली. कागद साधारण १० बाय ११ इंचांचा. ही फळी सगळ्यात आधी दिसे ती न्यूयॉर्क-बोस्टनच्या लिलावातल्या घाऊक व्यापाऱ्याला. मार्का पाहून भाव बोलणं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या अडत्याला सांगायला नको. दुकानदार पेटी तशीच मांडून ठेवी तेव्हा चित्र गिऱ्हाइकाच्याही नजरेस पडे, हे खरं. पण ते ओघाने.

खरा गुंता मार्का आणि प्रत (मालाचा दर्जा) यांचा आहे. १९०८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बागायतदारांच्या सहकारी संस्थेने आपल्या फळांसाठी 'सनकिस्ट' हे नाव घेतलं. आज तो मार्का वाटतो, तेव्हा मात्र ती पहिल्या प्रतीची खूण होती. दुसऱ्या प्रतीच्या मालाला 'रेड बॉल'. त्यात प्रत्येक पॅकिंग हाऊसचं (फळं निवडून पेट्या भरणाऱ्या केंद्राचं) स्वतःचं लेबल असेच, तेही प्रतीनुसार वेगळं. त्यामुळे एकाच बागेतली फळं दोन-तीन नावांनी बाजारात जात. म्हणजे देखणी बाई किंवा डोंगरामागचा सूर्योदय हे फळाच्या चवीबद्दल काही सांगत नव्हते. आत कोणत्या प्रतीचा माल आहे, एवढंच जाणकाराला कळे. चित्राच्या मोहिनीच्या गोष्टीत नेमकं हेच गळतं.

गिऱ्हाइकापर्यंत थेट पोचायचं ठरलं तेव्हा संस्थेने पेटीवर भिस्त ठेवलीच नाही. १९०७ मध्ये आयोवा राज्यात तिने पोस्टर आणि वर्तमानपत्रांतून जाहिरातींचा सपाटा लावला. नंतर फळाभोवतीचे १२ कागद आणि १२ सेंट पाठवले की चांदीचा मुलामा दिलेला चमचा मिळे. माझ्या मते लेबलांपेक्षा या चमच्यांनी जास्त संत्री खपवली. १९२६ पासून तर नाव सालीवरच छापलं जाऊ लागलं.

१९२०नंतर लेबलांतले बारकाईने रंगवलेले देखावे मागे पडले आणि लांबूनही वाचता येतील अशी ठसठशीत अक्षरं आली. स्पॅनिश मिशन (जुनी ख्रिस्ती धर्मकेंद्रं), घोडेस्वार, गुलाब सगळं चित्रांत होतं. फळं तोडणारे चिनी, जपानी, मेक्सिकन मजूर मात्र क्वचितच दिसत, आणि हा योगायोग नव्हे.

१९५०च्या दशकात पुठ्ठ्याची खोकी आली. त्यांच्यावर मजकूर थेट छापता येई, त्यामुळे कागदी लेबलांची गरज संपली. पॅकिंग हाऊसमध्ये पडून राहिलेले न वापरलेल्या लेबलांचे गठ्ठे पुढे संग्राहकांच्या हाती लागले. आज भिंतीवर फ्रेममध्ये दिसणारी बरीचशी लेबलं पेटीला कधी चिकटलीच नव्हती.