मूठ घट्ट आवळावी लागते, तो चाकू आपला नाही

पुतण्याने ऑनलाइन एक घडीचा चाकू मागवला. जाहिरातीत 'सर्जिकल स्टील' आणि 'एर्गोनॉमिक ग्रिप' असे दोन शब्द मोठ्या अक्षरात होते. सर्जिकल स्टील म्हणजे अमुकच पोलाद, असं काही ठरलेलं नाही. तो बहुतेक वेळा विक्रेत्याने दिलेला मान असतो. चाकू दिसायला देखणा, ॲल्युमिनियमची गुळगुळीत मूठ. संक्रांतीच्या पतंगांसाठी बांबूच्या कामट्या तासायला बसला आणि दहा मिनिटांत हात झटकत उठला. "काका, धार मस्त आहे, पण हात भरून येतो."

तक्रार हाताची नव्हतीच, घर्षणाची होती.

तासताना चाकूवर १० न्यूटन, म्हणजे साधारण किलोभर वजनाइतका जोर येतो असं धरू. एका बाजूने अंगठा आणि दुसऱ्या बाजूने बोट असा चाकू धरला, तर तो निसटू न देण्याचं काम दोन पृष्ठभागांवरचं घर्षण करतं. घर्षणांक, म्हणजे पृष्ठभाग किती धरून ठेवतो याचं माप, ०.५ असेल तर प्रत्येक बाजूने १० न्यूटन दाबावं लागतं. मूठ गुळगुळीत आहे, घर्षणांक निम्मा, ०.२५ झाला, की तेच २० न्यूटन होतात. कामटी तीच, धार तीच, पण बोटांना दुप्पट कष्ट. शिवाय बोटांमध्ये त्यांना वाकवणारे स्नायूच नाहीत. मोठा जोर येतो तो कोपराखालच्या हातातून, लांब कंडरांनी, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरांनी, ओढून. म्हणून बोटं दाबताना दुखतं मनगटाच्या वर.

आता मला आवडतो तो भाग. किती दाबायचं, हे आपण विचार करून ठरवत नाही. १९८४ साली स्वीडनमधल्या उमेओ विद्यापीठात रोलंड योहान्सन आणि गोरान वेस्टलिंग यांनी लोकांना एक छोटी वस्तू चिमटीत धरून उचलायला लावली. वजन तेच ठेवून तिच्या बाजूंवरचा पृष्ठभाग ते बदलत गेले: कधी रेशीम, कधी मऊ चामडं, कधी सँडपेपर. रेशमाला बोटं जास्त दाबत, सँडपेपरला कमी; आणि दरवेळी निसटण्याच्या हद्दीपेक्षा थोडंसंच जास्त. बोटांची टोकं बधिर केली की हा अंदाज बिघडे आणि माणूस उगाच घट्ट धरू लागे.

हे होतं कसं? बोटाचं टोक घुमटासारखं असतं. वस्तूवर दाबलं की मध्यभागी दाब जास्त, कडेला कमी. त्यामुळे निसटण्याची सुरुवात कडेने होते: कडेची त्वचा किंचित सरकते, मधली अजून चिकटून असते. हे आपल्याला जाणवतही नाही, पण त्वचेतल्या माइसनर कणांना, म्हणजे मज्जातंतूंच्या स्पर्श टिपणाऱ्या सूक्ष्म टोकांना, ते कळतं. एका तळहाताच्या बाजूला, बोटांसकट, असे स्पर्श टिपणारे सुमारे १७,००० मज्जातंतू आहेत. संदेश जातो, उत्तर येतं आणि पकड वाढते. साधारण ७० मिलिसेकंदांत. ठरवून बोट हलवायला याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. म्हणजे चाकू निसटतोय हे तुम्हाला कळायच्या आधी हाताने तो सावरलेला असतो. गुळगुळीत मुठीवर ही सूक्ष्म घसरण सारखी होत राहते, पकड वाढत राहते आणि आपण म्हणतो, हात भरून आला.

नागपूरच्या इतवारीतल्या एका दुकानात पुतण्याला घेऊन गेलो. दुकानदाराने चार चाकू काउंटरवर मांडले. "हातात धरून पाहा ना भाऊ, फोटोत काय समजते?" पाहिलं ते असं: मिटलेला चाकू तळहाताच्या रुंदीपेक्षा थोडा लांब हवा, नाहीतर मुठीचं टोक तळव्याच्या मधोमध रुततं. मुठीच्या कडा गोलसर हव्यात. तीच ताकद टोकदार कडेवर आली की दाब कित्येक पट वाढतो. लाकूड किंवा शिंग बरं. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेली पितळी मूठ एकदा धरून पाहा, कारण कळेल. फार सडपातळ मूठ नको, कारण बोटं पूर्ण मिटली की स्नायू आखडलेले असतात आणि आखडलेला स्नायू जोर देत नाही. पात्याला अडकवणारा लॉक नसेल, फक्त पाठीची स्प्रिंगची पट्टी असेल, तर टोकाने भोसकायचं नाही. पातं बोटांवर मिटतं.

काउंटरवर बसलेल्या एका काकूंनी सुचवलं की जुना चाकू फेकू नका, घरात बाळ असेल तर उशाखाली ठेवा, वाईट स्वप्नं पडत नाहीत. बाळ झोपेत हात कुठे घालेल, याचा विचार त्या लोखंडाने केलेला नसतो. उशाखाली काहीही ठेवा म्हणावं, धारदार सोडून.

हाताला बसलेला चाकू मी खरा पाहिला तो वरुडकडे, मामेभावाच्या संत्र्याच्या नर्सरीत. गंमत म्हणजे नागपुरी संत्र्याला चाकू लागतच नाही, साल अंगठ्याने निघते. पण ते झाड तयार करायला लागतो. हिवाळ्यात जंभेरीच्या, म्हणजे लिंबाच्याच जातीतल्या एका झाडाच्या, खुंटावर संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब फुटायचा ठिपका, बांधतात. खुंटाच्या सालीला इंग्रजी टी अक्षरासारखा काप, डोळेकाडीवरून ढालीच्या आकाराचा डोळा सालीसकट अलगद काढायचा, कापात सरकवायचा, वरून पट्टी. आतल्या लाकडाला धक्का लागता कामा नये. भाऊ हे दिवसभर वाकून करतो. त्याची बोटं चाकूवर इतकी सैल की मला वाटलं, आत्ता पडेल.

मी मागून घेतला. लाकडी मूठ, रंग गेलेला, बोटांच्या जागी किंचित खरखरीत. अंगठ्याखाली एक उथळ खळगा होता, वर्षानुवर्षांच्या अंगठ्याने झिजवलेला. माझा अंगठा त्यात बसेना. अर्धा इंच पुढे पडे. मी एक डोळा काढायला गेलो आणि निम्मी साल फाडली.

"आन इकडं," तो म्हणाला, "डोये वाळून रायले."