विरजणापुरतं लिनक्स

भाचीने मागच्या महिन्यात एक जुना लॅपटॉप घेतला आणि माझ्यापुढे आणून ठेवला. "मामा, तुझ्या लॅपटॉपवर आहे ना, तस्संच करून दे." तस्संच म्हणजे काय, ते तिलाही नीट सांगता येईना. इन्स्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीत मराठी टाइप होतं ते, छान दिसणारे देवनागरी फॉन्ट, दोन कळा दाबल्या की खिडकी अर्ध्या पडद्याला चिकटते ते, टर्मिनलचे, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीचे, रंग. माझ्या डेबियनवर, म्हणजे लिनक्सच्या एका प्रकारावर, हे सगळं पाच-सहा वर्षांत थोडंथोडं साचत गेलंय. कधी काय बदललं, ते मलाच आठवत नाही.

परवानगीचा प्रश्न नव्हता. लिनस टोरवाल्ड्स यांनी 1991 मध्ये लिनक्सचं कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, लोकांपुढे ठेवलं आणि पुढच्याच वर्षी ते जीपीएल या परवान्याखाली आणलं. नक्कल करून दुसऱ्याला देण्याचा हक्क त्या परवान्यातच आहे. प्रश्न होता तो कशाची नक्कल करायची हा.

सरळ मार्ग म्हणजे अख्ख्या डिस्कचा छाप काढायचा. 'डीडी' ही जुनी आज्ञा तेच करते. तिला फाइल, फोल्डर काही कळत नाही. डिस्कच्या पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत जे असेल ते ती उतरवत जाते, रिकामी जागासुद्धा. म्हणून 256 जीबीच्या डिस्कवर 40 जीबीच भरलेली असली तरी छाप 256 जीबीचाच निघतो. आणि 'कुठून' व 'कुठे' यांची अदलाबदल झाली, तर भरलेल्या डिस्कवर कोरी डिस्क उतरते. तिला गमतीने 'डिस्क डिस्ट्रॉयर' म्हणतात ते उगाच नाही. तैवानमध्ये तयार झालेलं क्लोनझिला हे साधन त्यापेक्षा शहाणं आहे. ते फक्त वापरलेली जागा उचलतं.

दोन वर्षांपूर्वी मी स्वतःसाठी असाच छाप काढला होता आणि फसलो होतो. जुनी डिस्क लॅपटॉपमध्ये, नवी यूएसबीला लावलेली. छाप पूर्ण झाला, मशीन पुन्हा सुरू केलं आणि तासभर काम केलं. नंतर नवी डिस्क आत बसवली, तर त्या तासाभरातलं अर्धं काम तिथे होतं आणि अर्धं नव्हतं. कारण असं की लिनक्स डिस्कच्या भागांना यूयूआयडी नावाच्या 128 बिटांच्या क्रमांकाने ओळखतं. असा क्रमांक जगात दुसरा नसणार, या भरवशावर सगळं चालतं. डीडीने तो क्रमांकही इमाने इतबारे उतरवला होता. दोन जुळ्या डिस्क समोर, नाव एकच. सुरू होताना जी आधी सापडली तिलाच मशीनने घर मानलं, आणि दर वेळी तीच सापडेल असं नाही.

असे क्रमांक आणखीही आहेत. 'ईटीसी' फोल्डरमध्ये मशीन-आयडी नावाची एक ओळीची फाइल असते, त्यात 32 अक्षरी ओळख. काही व्यवस्थांमध्ये राउटरकडे पत्ता मागताना हीच ओळख वापरली जाते. मग मूळ आणि नक्कल दोघांना एकच आयपी पत्ता मिळतो आणि दोघांचं नेट आळीपाळीने तुटतं. एसएसएच, म्हणजे दूरच्या मशीनमध्ये सुरक्षितपणे शिरण्याची सोय, तिच्या किल्ल्यांचंही तेच. घराचा आराखडा दुसऱ्याला द्यावा, पण दारावरची पाटी आणि कुलपाची किल्ली कशाला?

एक गोष्ट मात्र बिनबोभाट होते. एका लॅपटॉपची लिनक्स डिस्क दुसऱ्या कंपनीच्या लॅपटॉपमध्ये घातली, तरी ती बहुतेक वेळा सुरू होते. आतलं प्रत्येक उपकरण आपण कोणाचे आणि कोणतं मॉडेल हे आकड्यांत सांगतं. इंटेलच्या उपकरणांचा क्रमांक 8086, म्हणजे कंपनीच्या 1978 सालच्या प्रसिद्ध प्रोसेसरचंच नाव. कर्नलसोबत शेकडो ड्रायव्हर, म्हणजे उपकरणं चालवणारे प्रोग्राम, आधीच येतात. आकडा ऐकून त्यातला योग्य तो उचलला जातो, बाकीचे पडून राहतात. अडतं ते सुरुवातीलाच. कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं ही नोंद आजकालच्या मशीनमध्ये मदरबोर्डवरच्या स्मृतीत असते, आणि ती डिस्कबरोबर येत नाही.

भाचीसाठी म्हणून मी छाप काढलाच नाही. दही लावायला आपण शेजारणीकडून अख्खं पातेलं आणत नाही. चमचाभर विरजण आणतो, दूध घरचं असतं. इथे दूध म्हणजे डेबियनची पॅकेजेस, बांधून ठेवलेले प्रोग्राम. ती इंटरनेटवर सगळ्यांसाठी सारखीच ठेवलेली आहेत, तिच्या मशीनवर ती थेट उतरवता येतात. मला द्यायची होती फक्त नावांची यादी.

डेबियनमध्ये पॅकेजेस बसवण्याचं काम एपीटी करतं. त्याची 'एपीटी-मार्क शोमॅन्युअल' अशी एक आज्ञा आहे. एक पॅकेज टाकलं की त्याच्या मागून त्याला लागणारी दहा येतात. त्यांतलं मुद्दाम मागितलेलं कोणतं आणि मागून आलेलं कोणतं, याचा हिशेब एपीटी ठेवतं, आणि ही आज्ञा फक्त मागितलेली नावं सांगते. यादी काही केबींची निघाली. नव्या मशीनवर ती दिली, तर एपीटीने साफ नकार दिला. माझं डेबियन जुन्या आवृत्तीचं, तिचं नवीन. यादीतली दोन-तीन नावं मधल्या काळात बाद झाली होती, आणि एक जरी नाव सापडलं नाही तरी एपीटी त्या आज्ञेतलं काहीच बसवत नाही. ती नावं खोडली, मग चहा होईपर्यंत बरंच काम झालं.

उरल्या सवयी. त्या असतात होम फोल्डरमधल्या लपलेल्या फाइलींमध्ये, ज्यांचं नाव टिंबाने सुरू होतं. हे लपणं म्हणजे एक अपघात आहे. लिनक्स ज्याच्या धर्तीवर बनलं त्या जुन्या युनिक्समध्ये प्रत्येक फोल्डरमध्ये 'एक टिंब' आणि 'दोन टिंबं' अशा दोन नोंदी असत, आणि यादीत त्या दिसू नयेत म्हणून कोणीतरी सोपी युक्ती केली: पहिलं अक्षर टिंब असेल तर दाखवू नका. बेल लॅब्जमध्ये काम केलेले रॉब पाइक यांनी हा किस्सा सांगितलाय, आणि त्यांच्या मते ती चूकच होती. त्या आळसातून निघालेली पळवाट आज जगभरच्या सेटिंग्जचं घर आहे.

माझ्या एक्सएफसीईचे, म्हणजे खिडक्या आणि मेनू दाखवणाऱ्या डेस्कटॉपचे, शॉर्टकट तिथेच, साध्या मजकुरात सापडले. फॉन्टही टिंबवाल्या फोल्डरमध्येच होते. इन्स्क्रिप्ट चालवणाऱ्या आयबसची सेटिंग्ज मात्र डीकॉन्फ नावाच्या बंद डब्यात असतात. तो नुसता उघडून वाचता येत नाही, आधी मजकुरात उतरवून घ्यावा लागतो.

हे सगळे टिंबवाले फोल्डर एकदम उचलावेत असा मोह होतो. उचलू नका. त्यांतच ब्राउझरने जपलेले पासवर्ड आणि एसएसएचची खासगी किल्ली असते. भाची कितीही लाडकी असली तरी माझ्या बँकेत तिचं काय काम? मी चार-पाचच फोल्डर निवडले. आणखी एक खुबी: फाइलीचा मालक नावाने नव्हे, आकड्याने नोंदलेला असतो. डेबियनवर पहिल्या वापरकर्त्याला 1000 हा आकडा मिळतो. तिने आधी भावाचं खातं उघडलेलं, म्हणून ती 1001. माझ्या फाइली तिच्या खात्यात गेल्या आणि मालक झाला भाऊ. एका आज्ञेत निस्तरलं, पण "परवानगी नाही" हे तीनदा वाचल्यावर.

शंभर मशीनसाठी हा घरगुती कारभार पुरायचा नाही. केरळमध्ये शाळांसाठी जुळवून घेतलेलं उबुंटू, हाही लिनक्सचाच एक प्रकार, तयार करून तेच सगळीकडे बसवतात. निक्सओएस या आणखी एका प्रकारात तर अख्ख्या यंत्रणेचं वर्णनच एका मजकुराच्या फाइलीत लिहायचं असतं. ती फाइल दुसरीकडे नेली की तशीच यंत्रणा उभी राहते. मला ते पटतं, पण सहा वर्षांचा गाळ त्या फाइलीत कोण लिहून काढणार!

लॅपटॉप रविवारी दिला. बुधवारी तिचा फोन. "मामा, ते इन्स्क्रिप्ट काढून फोनेटिक कसं लावायचं?"