सोळा कोटींच्या आधीची वर्गणी

२०२१ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एका बाळाचा फोटो फिरत होता. नाकात नळी, टपोरे डोळे, ओठांवर हसू. खाली क्यूआर कोड आणि एक आकडा: १६ कोटी. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलंही, ‘शून्यं मोजायला चुकलेत का हे?’ चुकले नव्हते. स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी, म्हणजे एसएमए, या आजारावरच्या झोल्गेन्स्मा नावाच्या एका इंजेक्शनची ती किंमत होती. मुंबईतल्या आईवडिलांनी लोकांपुढे हात पसरला आणि रक्कम जमली. मग कळलं की आयात शुल्क आणि जीएसटी मिळून आणखी सहा कोटींच्या आसपास लागणार. तेव्हाचे विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं, कर माफ झाला आणि फेब्रुवारी संपता संपता मुंबईतच इंजेक्शन दिलं गेलं.

आपल्याकडे क्राउडफंडिंग हा शब्द रुळला तो त्या दिवसांत. पण या औषधाशी वर्गणीचं नातं त्याहून बरंच जुनं आहे, आणि ते आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

आधी आजाराविषयी थोडं. बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की घरातली प्रत्येक बाई एकच विचारते, ‘मान धरली का?’ एसएमएच्या सगळ्यात तीव्र प्रकारात बाळ मान धरत नाही. डॉक्टर दोन्ही हात धरून त्याला हळूच उचलून बसवू पाहतात, तर डोकं मागच्या मागे लोंबतं. पाय बेडकासारखे फाकून पडलेले असतात, श्वास पोटाने चालतो, जिभेवर बारीक थरथर दिसते. डोळे मात्र लखलखीत असतात, कारण बुद्धीला काही झालेलं नसतं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जारज्जूतल्या पेशी मरत जातात, एवढंच. साधारण दहा हजार जन्मांमागे एका बाळाला हा आजार होतो. जनुकातला दोष जवळजवळ नेहमी आई आणि वडील दोघांकडून आलेला असतो आणि दोघंही स्वतः ठणठणीत असतात. ‘तुमच्या घराण्यात होतं, आमच्यात नव्हतं’ हे सुनेला ऐकवलं जाणारं वाक्य म्हणूनच निव्वळ अज्ञान आहे.

व्हिएन्नाचे ग्विडो वेर्डनिग यांनी १८९१ मध्ये आणि हायडेलबर्गचे योहान हॉफमन यांनी पाठोपाठ या आजाराचं वर्णन करून ठेवलं. पुढची शंभर वर्षं डॉक्टरांना नाव माहीत होतं, हाताशी काही नव्हतं.

बदल घडवला तो आईवडिलांनी. योलेन द केपेर या फ्रेंच बाईची चार मुलं स्नायूंच्या दुसऱ्या एका आनुवंशिक आजाराने, डुशेनने, ग्रासलेली होती. त्यांनी १९५८ मध्ये काही कुटुंबांना जमवून संघटना काढली. जवळपास तीस वर्षं ती छोट्या देणग्यांवर चालली. मग अमेरिकेत जेरी लुईस हा विनोदी नट १९६६ पासून स्नायूंच्या आजारांसाठी टीव्हीवर जो अखंड कार्यक्रम करत असे, तो या मंडळींनी पाहिला आणि डिसेंबर १९८७ मध्ये फ्रान्समध्ये केला. नाव तेलेतों. सलग तीस तास प्रक्षेपण, गावोगावी शर्यती, केकविक्री, अग्निशमन दलाच्या जवानांच्या करामती. आपल्याकडच्या गणेशोत्सवातून देखावे वजा करून नुसती वर्गणी आणि उत्साह ठेवला तर काय होईल, तसं काहीसं. पहिल्याच वर्षी सुमारे १८ कोटी फ्रँक जमले.

(अमेरिकेतल्या कार्यक्रमावर पुढे टीकाही झाली. त्याच्या पोस्टरवर लहानपणी झळकलेल्या काही जणांनी मोठेपणी रस्त्यावर उतरून सांगितलं की आमचा फोटो दाखवून लोकांना रडवू नका. आपल्या क्यूआर कोडांच्या निमित्ताने हा प्रश्न आपणही विचारायला हवा होता, तो कुणी विचारला नाही.)

फ्रेंच मंडळींचं खरं वेगळेपण पैसे खर्च करण्यात होतं. चाकाच्या खुर्च्या आणि शिबिरं केलीच, पण १९९० मध्ये पॅरिसजवळ एव्री इथे जेनेथॉन ही स्वतःची प्रयोगशाळा उभारली. लोकांच्या वर्गणीतून मानवी जनुकांचे सुरुवातीचे नकाशे तयार झाले आणि ते जगाला फुकट वाटले गेले. १९९५ मध्ये ज्युडिथ मेल्की यांच्या पॅरिसमधल्या गटाला एसएमएचं जनुक सापडलं, एसएमएन-१. त्या शोधामागेही तेलेतोंचा पैसा होता. निरोगी जनुक एका निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर बसवून मज्जारज्जूपर्यंत कसं पोचवायचं, यावर जेनेथॉनमध्ये काम झालं, तसंच अमेरिकेत ओहायोमधल्या कोलंबसच्या बालरुग्णालयातही झालं. झोल्गेन्स्मा बनवणाऱ्या अवेक्सिस कंपनीने २०१८ मध्ये जेनेथॉनकडून त्यांच्या तंत्राचा परवाना घेतला. त्याच वर्षी नोव्हार्टिस या बड्या औषध कंपनीने ८७० कोटी डॉलर मोजून अवेक्सिसच विकत घेतली. मे २०१९ मध्ये अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली आणि किंमत जाहीर झाली: २१ लाख २५ हजार डॉलर. तोवरचं जगातलं सगळ्यात महाग औषध.

म्हणजे केक विकून जमवलेल्या पैशाने शोधाची वाट मोकळी केली, आणि त्या वाटेवर उगवलेलं फळ विकत घ्यायला जगभरच्या लोकांनी पुन्हा वर्गणी काढली. कंपनीने पुढच्या चाचण्यांवर खर्च केला नाही असं नाही. तो झाला आणि जोखीमही घेतली गेली. पण एकाच औषधासाठी दोनदा झोळी फिरली, हेही तितकंच खरं.

भारतात पालकांनी क्युअर एसएमए फाउंडेशन ही संस्था २०१४ मध्ये काढली, तेव्हा या आजारावर औषधच नव्हतं. काम होतं ते एकमेकांना शोधण्याचं, फिजिओथेरपी आणि श्वासाला मदत करणाऱ्या बायपॅप यंत्राबद्दल सांगण्याचं, पुढच्या गरोदरपणात तपासणी करून घ्या म्हणण्याचं. दुर्मिळ आजारांसाठी बंगळुरूतून सात किलोमीटरची ‘रेस फॉर सेव्हन’ धावली जाऊ लागली. सात हजार दुर्मिळ आजार म्हणून सात. दुर्मिळ आजारांसाठीचं सरकारचं २०१७ चं धोरण २०१८ च्या अखेरीस गुंडाळून ठेवलं गेलं. ३० मार्च २०२१ ला नवं आलं. एसएमए त्यात तिसऱ्या गटात पडला: उपचार आहे, पण परवडणारा नाही. अशांसाठी सरकारने काय दिलं? देणग्या गोळा करायचं पोर्टल. तेही दिल्ली उच्च न्यायालयाच्या दट्ट्यामुळे उघडलं आणि त्यावर जमलेली रक्कम तुटपुंजीच राहिली. कुणी पोर्टलला पैसे देत नाही. माणसं बाळाला देतात.

बाळाला किती देतात ते त्याच वर्षीच्या पावसाळ्यात दिसलं. केरळात कण्णूर जिल्ह्यातल्या एका मुलासाठी १८ कोटी हवे होते. त्याच आजाराने खुर्चीला खिळलेल्या थोरल्या बहिणीने आवाहन केलं, ‘माझ्यासारखं त्याचं होऊ देऊ नका’ अशा अर्थाचं, आणि काही दिवसांत ४६ कोटींहून अधिक जमले. जास्तीचे इतर मुलांकडे वळवावे लागले. पुणे परिसरातल्या एका मुलीसाठीही १६ कोटी उभे राहिले, इंजेक्शनही मिळालं आणि काही आठवड्यांतच ती गेली. या इंजेक्शनने मेलेल्या पेशी परत येत नाहीत, उरलेल्या वाचतात. म्हणून लक्षणं दिसण्याआधी दिलेलं औषध सगळ्यात गुणकारी. वर्गणी जमेपर्यंत गेलेले महिने या हिशेबात फार महाग पडतात. नोव्हार्टिस वर्षाला शंभर डोस चिठ्ठ्या टाकून फुकट देत असे, त्यात आपल्याकडच्या काही मुलांचाही नंबर लागला. उपचारासाठी सोडत, हे तेव्हा कुणाला फारसं विचित्रही वाटेनासं झालं होतं.

सप्टेंबर २०२१ मध्ये झोल्गेन्स्माच्या वैयक्तिक आयातीवरचा जीएसटी सगळ्यांसाठीच माफ झाला. मे २०२२ मध्ये केंद्राने तिन्ही गटांतल्या प्रत्येक रुग्णाला ५० लाखांपर्यंत मदत मान्य केली. त्यासाठी निवडलेल्या रुग्णालयांत मुंबईचं केईएम आहे.

तेव्हा ५० लाखांत काय यायचं ते रिसडिप्लामवरून पाहू. हे रोज तोंडाने घ्यायचं एसएमएचं औषध, रोश या कंपनीचं. त्याचाही उगम पालकांनीच न्यूयॉर्कमध्ये २००३ साली काढलेल्या एसएमए फाउंडेशनने पैसा घातलेल्या संशोधनात आहे. बाटलीत ६० मिलिग्रॅम औषध असतं. वीस किलो आणि त्यावरच्या मुलाला रोज ५ मिलिग्रॅम, म्हणजे बाटली बारा दिवस. भारतात छापील किंमत सव्वासहा लाखांच्या घरात होती. ५० लाखांत आठ बाटल्या. आठ गुणिले बारा, शहाण्णव दिवस.

हैदराबादच्या नॅटको कंपनीने हेच औषध बनवायचं ठरवलं तेव्हा रोश पेटंट घेऊन दिल्ली उच्च न्यायालयात गेली. मार्च २०२५ मध्ये स्थगिती नाकारली गेली, ऑक्टोबरमध्ये खंडपीठानेही तेच म्हटलं आणि सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. नॅटकोची बाटली बाजारात आली, किंमत १५,९००. वीस किलोच्या मुलाला वर्षाला तीस बाटल्या, पावणेपाच लाखांच्या आसपास. पगारदार घरालाही हे झेपेल असं नाही, पण मंडळाच्या पावतीपुस्तकात बसेल असा आकडा आहे.