कडक बोल्ट, पण किती कडक?

रिफायनरीतल्या पाइपच्या फ्लॅंजवर, म्हणजे दोन पाइप जोडणाऱ्या चकत्यांवर, डोक्याचा बोल्ट क्वचितच दिसतो. तिथे असतो स्टड, म्हणजे आटे पाडलेला आणि दोन्हीकडून नट बसणारा दांडा. त्याच्या टोकावर ‘बी७’ असा पोलादाच्या दर्जाचा शिक्का असतो, नटावर ‘२एच’. शिक्का नसेल तर स्टड सरळ बाजूला ठेवावा. साधे पोलाद आणि बी७ नुसत्या डोळ्यांना सारखेच दिसतात.

बी७ बहुधा ४१४० जातीच्या पोलादाचा असतो: सुमारे ०.४ टक्के कार्बन, १ टक्क्याच्या आसपास क्रोमियम, चिमूटभर मॉलिब्डेनम. लालबुंद दांडा तेलात बुडवला की वरचा थर झटकन निवतो, गाभा मागे राहतो. साध्या पोलादाचा गाभा अशा वेळी मऊच राहतो. क्रोमियम आणि मॉलिब्डेनम असले की सावकाश निवणारा गाभाही कडक होतो. यालाही हद्द आहेच. ६४ मिमी व्यासापर्यंत किमान ताणशक्ती (तुटण्याआधी पेलता येणारा ताण) ८६० मेगापास्कल, त्यापुढे १०० मिमीपर्यंत ७९५. जाड दांडा घेऊन हिशेब मात्र जुन्याच आकड्यावर केला, की फसगत ठरलेली.

तेलातून निघालेला दांडा ठिसूळ असतो. म्हणून तो पुन्हा किमान ५९३ अंश सेल्सिअसला तापवतात. लोहार छिन्नीला पाणी देऊन पुन्हा शेकतो, त्यातलाच प्रकार. थोडा कडकपणा जातो, चिवटपणा येतो.

एवढी ताकद लागते कशाला? बोल्ट ही खरे तर ताठ स्प्रिंग. एम२०, म्हणजे २० मिमी व्यासाच्या स्टडच्या आट्यांपाशी भार घेणारा छेद २४५ चौरस मिमी. ७२० मेगापास्कल या किमान यील्ड मर्यादेच्या (जिच्यापुढे दांडा कायमचा ताणला जातो) निम्म्यापर्यंत आवळला, तर १५० मिमीचा दांडा जेमतेम पाव मिमी लांबतो, पण गॅस्केटवर (फ्लॅंजमधल्या गळती रोखणाऱ्या चकतीवर) सुमारे ९ टनांची ओढ देतो. पान्यावर लावलेल्या जोराचा साधारण दहावा हिस्साच या ओढीच्या कामी येतो, बाकीचा घर्षण खाते. म्हणून गंजलेल्या आणि ग्रीस लावलेल्या आट्यांना एकच टॉर्क (पिळण्याचा जोर) लावणे हे अंदाजपंचे काम.

मग आणखी कडक पोलाद का घेत नाहीत? आडवा येतो हायड्रोजन. त्याचे अणू पोलादात शिरतात, ताण जास्त असेल तिथे गोळा होतात आणि कणांमधल्या सीमा उसवतात. पोलाद जितके कडक, तितका धोका मोठा. सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड बे ब्रिजच्या नव्या पुलावर मार्च २०१३ मध्ये ३ इंच व्यासाचे, जस्त चढवलेले ९६ दांडे आवळले. काही दिवसांतच त्यातले ३२ तुटले. आवळण्याआधी ते कित्येक वर्षे पाणी साचणाऱ्या भोकांमध्ये उभे होते.

म्हणूनच बी७ ला कडकपणाची वरची मर्यादाही आहे, ३२१ ब्रिनेल (कडकपणा मोजायचे माप). हायड्रोजन सल्फाइड असलेल्या लाइनवर बी७एम हा त्याचाच मऊ प्रकार वापरतात. त्याची मर्यादा फक्त २३५. १२.९ दर्जासारख्या अतिकडक बोल्टांवर विजेने जस्त चढवले, तर त्यात शिरलेला हायड्रोजन घालवायला लगेच सुमारे २०० अंशांवर कित्येक तास भाजावे लागते. तरीही बरेच जण तिथे जस्त टाळतात, आणि ते बरोबरच आहे.

हायड्रोजनने तुटलेला बोल्ट ओळखू येतो. तो आवळताना तुटत नाही, काही तासांनी किंवा दिवसांनी तुटतो. तुटीपाशी दांडा बारीक झालेला नसतो आणि तुटलेला भाग साखरेसारखा रवाळ, चमकदार दिसतो. असा एक सापडला, तर त्याच लॉटचे (एकाच खेपेत बनलेले) शेजारचे बोल्ट धड दिसत असले तरी काढून टाकावेत.