भिंतीवरचा तांबडा पट्टा

ऑगस्टात आमच्या गावच्या वाचनालयात पाऊल टाकलं की पुस्तकांआधी त्यांचा वास भेटतो. कुबट. कपाटाच्या तळच्या खणातली पुस्तकं आधी बिघडतात, वरची निभावतात. असं का, ते बाहेर अंगणात जाऊन बघावं. पांढऱ्या भिंतीवर गुडघाभर उंचीपर्यंत तांबडा पट्टा उठलेला असतो. कौलांवरून पडणारी पागोळी उघड्या मातीवर आपटते, चिखल उसळतो आणि भिंत चार महिने भिजत राहते. भिंत जांभ्याच्या चिऱ्यांची. जांभा सच्छिद्र, पाणी शोषून वर चढवणारा. आत त्याच भिंतीला टेकून कपाट!

कागद हवेतला ओलावा पितो. सापेक्ष आर्द्रता पासष्ट-सत्तर टक्क्यांच्या वर टिकली की बुरशीला रान मोकळं, आणि पावसाळ्यात आपल्याकडे ती बहुतेक वेळ त्याहून जास्तच असते. हवेतली वाफ काही अंगण नीट करून हटणार नाही. पण भिंतीच्या ओलीची भर टाळता येते, तीही स्वस्तात. पागोळी पडते तिथे हातभर रुंद खडीचा पट्टा आणि भिंतीपासून बाहेर उतरती जमीन, एवढ्याने निम्मं काम होतं. नव्या वाचनालयाच्या अंदाजपत्रकात मात्र एसी आधी येतो आणि खडी ‘उरलेल्या पैशांत’.

आता पाण्याचा हिशेब. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिमी पडतो. 500 चौरस मीटरच्या छपरावर तो 15 लाख लिटर होतो. 100 मिमीच्या एका दिवसात 50 हजार लिटर. हे जाणार कुठे? जागा सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या सपाट पठारावर असेल तर वरचं कठीण कवच पाणी सहजी मुरू देत नाही, ते पसरून वाहतं. म्हणून इमारतीच्या चढाच्या बाजूला उथळ, गवताळ चर हवा, पाण्याला वळवून खालच्या खोलगट जागी नेणारा. सगळं अंगण पेव्हर घालून बंद केलं तर तेच पाणी पायरी चढून आत येतं.

उन्हाचंही एक गंमतीदार गणित आहे. उत्तरेची खिडकी म्हणजे सावलीची, हे पुस्तकी ज्ञान इथे अर्धंच खरं. पणजी साडेपंधरा अक्षांशावर. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या माथ्याच्या उत्तरेला असतो. तो इतका उंच असतो की थोडा पुढे आलेला छज्जा त्याला अडवतो. खरा त्रास पश्चिमेचा: संध्याकाळचं तिरपं ऊन तिथूनच आणि नैर्ऋत्येकडून येणारी पावसाची झडही. त्या बाजूला कपाटं नकोत. रुंद व्हरांडा हवा, वाचकांना बसायला सोपे, म्हणजे बांधीव बाक असलेला.

पश्चिमेला झाडं लावावीत, पण भिंतीला खेटून नकोत. दाट झाड वारा अडवतं आणि वाऱ्याशिवाय ओल सुकत नाही. आंबा, बकुळ, किंदळ छान, फक्त मोठं झाल्यावरचा घेर धरून अंतर ठेवावं. वड-पिंपळाचं रोपटं चिऱ्यांच्या सांध्यात दिसलं तर त्याच दिवशी उपटावं. आणि बांधकामासाठी तोडलेल्या झाडांचे बुंधे मातीत पुरू नयेत. वाळवीला ती मेजवानी असते. तिथून मातीच्या नळ्या करत ती भिंतीवर चढते आणि पुढचा मुक्काम कपाटात.

नकाशा काढणाऱ्याला माझं एकच सांगणं: जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन जागेवर या. पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, तिथे तिथे खुंट्या ठोका. कागदावर रेघ मारायची ती खुंट्या बघून.